सोलरवाल्याच्या घरी शेजाऱ्याचा पंखा

परवा दुपारी पाऊण वाजता लाइट गेली. पारा ४४ ला, कूलरनं शेवटचा एक सुस्कारा टाकला आणि घरभर अशी शांतता पसरली की माठातलं पाणी झिरपताना ऐकू यावं. अकोल्यात मे महिन्यात लाइट जाणं ही काही बातमी नाही, मान्य. पण आमच्या गच्चीवर सोलर आहे हो. सहा पॅनल, तीन किलोवॅट, वर ऊन असं की अनवाणी गेलं तर तळपायाची भाकरी शेकून निघेल, आणि खाली एक पंखा फिरत नाही.

ज्यांच्याकडे सोलर नाही त्यांना हे खोटं वाटतं. मलाही वाटलं असतं. भानगड अशी की आमचं सोलर ऑन-ग्रिड आहे, म्हणजे त्याचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनीकडे पाहून चालतो. लाइन गेली की तोही क्षणात हात वर करतो. सूर्य डोक्यावर असला तरी.

ही गोष्ट टॅब घेऊन आलेल्या त्या सेल्सच्या पोरानं सांगितली नव्हती. त्यानं पॅनलची २५ वर्षांची वॉरंटी सांगितली, ७८ हजारांची सबसिडी सांगितली (पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा, तोंडपाठ होतं त्याला), आपण किती झाडं लावल्यासारखं होईल तेही सांगितलं. "सर, लाइटचं टेन्शन विसरून जा," म्हणाला. मी विसरलो ना. इतका विसरलो की घरातला जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी विकून टाकली, चार हजारात. कोणाला, ते पुढे येईलच.

तर मी घामानं निथळत अंगणात आलो. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजारचे काकाजी ओट्यावर बनियनवर बसलेले, हातात पेपर, आणि बाजूला टेबलफॅन. फिरणारा. पेपरची पानं उडू नयेत म्हणून त्यांनी त्यावर अडकित्ता ठेवला होता, हे मला अजून डोळ्यासमोर दिसतं.

"काहून भाऊ, बाहेर आले इतक्या उन्हात?"

"लाइट गेली ना काकाजी."

"गेली ना. अख्ख्या लाइनीची गेली." मग चष्मा खाली करून, "पण तुमची कशी गेली? तुमचं तर सोलर आहे."

मी म्हटलं, ते लाइन असली तरच चालतं.

काकाजी पेपर घडी करायला लागले. हे लक्षण वाईट. काकाजी पेपर घडी करतात तेव्हा विषयाला हात घालणार असतात, आणि रिटायर होऊन बारा वर्षं झालेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो.

"म्हणजे लाइट असली का सोलर चालते."

"हो."

"अन लाइट गेली का सोलर बी जाते."

"हो."

"मंग सोलर कायले लावलं?"

मी समजावलं. आपल्या घरात तयार झालेली वीज लाइन बंद असताना बाहेर गेली, आणि तिकडे कोणी वायरमन पोलवर चढलेला असला, त्याला वाटतं तार मेलेली आहे आणि ती असते जिवंत, तर माणूस जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो, जगभर असंच असतं. बोलताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं, इतकं नीट मला त्या पोरानंही सांगितलं नव्हतं, मी रात्री दीड वाजता व्हिडिओ पाहून शिकलो होतो.

काकाजींना पटलं. मान हलवली. "बरोबर आहे, त्याचा जीव महत्त्वाचा." मला हायसं वाटलं. तेवढ्यात म्हणाले, "पण मंग तुम्ही असं करा ना, बाहेरची तार काढून ठेवा. तुमची वीज तुमच्या घरातच फिरन."

"नाही चालत काकाजी, त्या इन्व्हर्टरला बाहेरच्या लाइनीचा ताल लागतो. तो पाहूनच तो वीज देतो."

"ताल?"

"ताल."

"म्हणजे भजनातल्या टाळवाल्यासारखं. मृदंग थांबला का याच्यानं एकट्यानं वाजवणं होत नाही." जरा थांबले, आभाळाकडे पाहिलं. "म्हणजे सूर्याले बी ऑफिसची परमिशन लागते."

यावर काय बोलणार? एक लाख नव्वद हजार घालून मी जे घेतलं त्याचं इतकं अचूक वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं.

मग त्यांना माझी दया आली, आणि इथून खरा अपमान सुरू होतो. आत जाऊन त्यांनी एक पिवळी एक्स्टेंशन बोर्डची वायर आणली, भिंतीवरून माझ्या अंगणात फेकली आणि म्हणाले, "लावा पंखा. माही बॅटरी दमदार आहे."

माही बॅटरी! ती बॅटरी माझी आहे, म्हणजे होती. चार हजारात ती यांनीच घेतली होती, तेही घासाघीस करून, "तुम्हाले आता काय कामाची" असं म्हणून. सहा वर्षं मी तिच्यात डिस्टिल वॉटर घातलं, टर्मिनलवरचा पांढरा मळ गरम पाण्यानं धुतला, व्हॅसलीन लावलं. आणि आज तिच्यावरच चालणारा पंखा मी शेजाऱ्याच्या वायरीनं घेतोय, माझ्याच घरात. बायको खिडकीतून पाहत होती. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं.

रस्त्यानं दूधवाला गेला, थांबला, वर पॅनलकडे पाहिलं, खाली पिवळ्या वायरीकडे पाहिलं, आणि गाडीला किक मारली.

बायकोचा राग वेगळाच आहे, तो गच्चीचा. तीन किलोवॅट म्हणजे जवळपास तीनशे चौरस फूट, आणि ती नेमकी कुरडया-पापडांची जागा. पॅनल उंच स्टँडवर घ्या, खाली वाळवण होईल, असं ती म्हणत होती, त्याचे पैसे जास्त लागत होते म्हणून मी नाही म्हटलं. आता खाली सावली आणि वर ऊन. चिकाच्या कुरडया तीन दिवस ओल्या राहिल्या, एका घाण्याला तर वास आला. मी म्हटलं वर्षाला इतके पैसे वाचतात, त्यात विकतच्या कुरडया घेऊ. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

पैसे वाचतात, खोटं कशाला बोलू. अडीच-तीन हजारांचं बिल आता दीड-दोनशेवर आलंय, तेवढा स्थिर आकार वगैरे काही सुटत नाही. पण त्यातही मेख आहेच. थंडीत आपण पंखा-कूलर लावत नाही, तेव्हा जास्तीची वीज बाहेरच्या लाइनीत जाते आणि तेवढी युनिटं आपल्या नावावर शिल्लक पडतात, माणसाला वाटतं मे महिन्यात कामाला येतील. मध्येच येतो ३१ मार्च. वर्षाचा हिशोब बंद, उरलेली युनिटं आपण विकत घेतो त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात जमा, आणि १ एप्रिलला पाटी कोरी. आणि बरोबर एप्रिलपासून अकोला तापायला लागतं. हा नियम करणाऱ्याला एकदा मे महिन्यात आमच्या गच्चीवर उभं केलं पाहिजे, अनवाणी.

बरं, ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हेही खरं नाही. पॅनलची क्षमता मोजतात ती २५ अंशांवर, त्याच्यावर तापमान चढलं की दर अंशाला थोडी थोडी वीज कमी होते. आमच्याकडे मे महिन्यात काच साठ-पासष्टवर सहज जाते. म्हणजे सूर्याचं यंत्र, आणि त्यालाच अकोल्याचं ऊन सोसत नाही. नोव्हेंबरच्या एखाद्या दुपारी मात्र ते खूश असतं.

काकाजींना पंखा देऊन समाधान झालं नव्हतं. भिंतीवर कोपर टेकवून म्हणाले, "ते गुजरातमधलं गाव आहे ना, सूर्यमंदिराचं, ते तर चोवीस तास सोलरवर म्हणे." त्यांना मोढेरा म्हणायचं होतं, मेहसाणा जिल्ह्यातलं, २०२२ मध्ये सोलर गाव म्हणून जाहीर झालेलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे मोठी बॅटरी बसवली आहे काकाजी, दिवसाची वीज साठवून रात्री वापरतात.

"बॅटरी," काकाजी म्हणाले. आणि आपल्या घराच्या दिशेनं असं काही पाहिलं की मी विषय बदलला.

आता हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाइन गेली तरी बॅटरीच्या जोरावर सोलर चालू ठेवणारा, घ्यावा तर आणखी लाखभर, आणि बॅटरीला सबसिडी वेगळी मिळत नाही. त्या पोराला फोन केला तर म्हणाला, "सर, मी कंपनी चेंज केली, आता मी वॉटर प्युरिफायरमध्ये आहे, तुमच्याकडे कोणता आहे?"

सव्वातीनला लाइट आली. सगळ्या कॉलनीचे कूलर एकदम घुरघुरले. आमचा सोलरचा इन्व्हर्टर मात्र लगेच चालू होत नाही, तो आधी लाइन नीट आहे का ते तपासतो, स्क्रीनवर आकडे उलटे मोजतो, आणि मी समोर उभा राहून त्याच्याबरोबर मोजतो. तोवर काकाजींनी आपली वायर ओढून घेतली, कोपर ते अंगठा अशी वेटोळी घालत.

रात्री नऊला ते पुन्हा भिंतीपाशी. "भाऊ, दुपारी तुमचा बी पंखा चालला न, बॅटरी जरा उतरली. पाणी कमी झालं असन. उद्या बाजारात गेले तर डिस्टिल वॉटरची एक बाटली आणजा."

मी दोन आणल्या.