आयी

आज एका वाढदिवसाला, हातात वडापावची प्लेट घेऊन एक बाई (मराठीच, अजून कोण) म्हणाल्या, "या चायनीज बायका सहा महिन्यांचं पोर उचलून चीनला पाठवून देतात, काळीजच नाही मेल्यांना." चार जणींनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, त्याचाच जास्त राग येतोय.

न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्सच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर चीनच्या फुजियान प्रांताकडची एक जण राहते. ती नेल सलूनमध्ये, नवरा दुसऱ्या स्टेटमध्ये रेस्टॉरंटच्या किचनमध्ये, आठवड्यातून एकदा बसने येतो, झोपतो, जातो. आमची बाळंतपणं दोन महिन्यांच्या अंतराने झाली. माझी आई व्हिसा काढून आली, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळे लाड. त्यांच्यातही बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, आपल्या सव्वा महिन्यासारखंच. पण हिचं करायला होतं कोण? तीन आठवड्यांत कामावर. आईच दोनदा अळिवाची खीर खाली देऊन आली. आणि पाचव्या महिन्यात बाळ आजीकडे, तिकडे गावी.

पोरगी परत आली ती शाळेच्या तोंडावर, चार वर्षांची होऊन. लिफ्टमध्ये बॅगेमागे लपलेली, स्वतःच्या आईकडे बघून म्हणाली, "आयी". मी येडी खूश, अगं आमच्यात पण आईच म्हणतात! ती हसली नाही. मोबाईलवर ट्रान्सलेट करून दाखवलं. आयी म्हणजे मावशी, काकू, कुठलीही ओळखीची-अनोळखी बाई.

आता मला सांगा, त्या बापाला काळीज नाही असं कुणी म्हणालं का हो? तो कष्टाळू! इथे यायला दलालाचं कर्ज, ते दोघांनी फेडायचं, डे-केअरची फी मात्र हिच्याच पगारातून वजा करून बघायची आणि मग "परवडत नाही" म्हणायचं. अमेरिकेच्या १८७५ च्या पेज कायद्याने तर चिनी बायकांना वेश्या ठरवून दारातच अडवलं, १८८२ ला चिनी मजुरांना बंदी, ती उठली थेट १९४३ ला. तेव्हा नवरे इथे लॉन्ड्रीत लोकांचे कपडे धुवायचे आणि बायका तिकडे सासू-सासऱ्यांचं करत म्हाताऱ्या व्हायच्या. अशा बाईला त्यांच्यात जिवंत नवऱ्याची विधवा म्हणतात. आपल्या कोकणात गिरणीवाल्याची मनीऑर्डर यायची, तसंच. मागे राहिली की सोशिक आणि स्वतः कमवायला निघाली की निर्दयी, वा रे वा.

हो, आजीने नातवंड वाढवणं त्यांच्यात नेहमीचंच आहे, सगळ्याच काही रडत पाठवत नाहीत, आणि पोरांचं नुकसान होतं ते होतंच, नाही म्हणत नाही मी. पण मी लिफ्टमध्ये तिचा चेहरा बघितलाय. त्या "आयी"नंतर तिने पोरीचा स्कार्फ नीट केला, उगाचच, तो नीटच होता. आमचा मजला आला तरी मला बाहेर पडायचं सुचेना.

राग जरा उतरला आता. मघाशी घरी येताना त्या दोघी खालीच भेटल्या. पोरगी आता पहिलीत आहे, जिन्यावरून ओरडत होती, "माऽमा! माऽमा!" त्यांच्यात आईला मामा म्हणतात. आमचं कार्टं जिन्याखाली डोकावून विचारतंय, हिचा मामा कुठाय?