बंडी वर करून बघा

सासू म्हणून लिहितेय. चूक कुणाची होती हे कळायला शेवटपर्यंत थांबायची गरज नाही. माझी होती.

आमच्या नातवाला घरात गुंड्या म्हणतात. तेव्हा त्याला दीड वर्ष होऊन वर महिना झालेला. आषाढ, साताऱ्याचा पाऊस, घरभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर न वाळलेली दुपटी. दोन दिवस नाक वाहत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून किरकिर सुरू झाली. भात नको, केळं नको, दूधसुद्धा दोन घोट घेऊन ढकलून दिलं. थर्मामीटर लावला तर 99.8. मी लगेच निकाल देऊन मोकळी झाले. "ताप नाहीच आहे. सुळे येतायत त्याचे. ओव्याच्या पुरचुंडीनं शेकते, झोपेल गप."

झोपला. झोपला कसला, मलूल होऊन पडला. साडेनवाच्या सुमारास सूनबाईनं त्याची बंडी वर केली, मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावला आणि पोटाकडे बघत बसली. "आई, चौपन्न." पुन्हा मोजलं. छप्पन्न. "आणि श्वास आत घेतो ना, तेव्हा बरगडीखाली बघा. खड्डा पडतोय." मी चष्मा लावून वाकून बघितलं. पडत होता. नाकपुड्याही फुलत होत्या. हे सगळं डोळ्यांनी बघून मी म्हणाले काय, तर "एवढ्या पावसात कुठं जाताय, सकाळी पहिला नंबर लावू."

ती उलट बोलली नाही. त्याला दुपट्यात गुंडाळलं, फाइल घेतली आणि माझ्या मुलाला म्हणाली, "गाडी काढ." मी हातात पिशवी घेऊन मागच्या सीटवर, तोंड मिटून.

दवाखान्यात त्याच्या पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याची चिमटी लावली. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला 90, म्हणजे कमी. पुढच्या दहा मिनिटांत नाकाला ऑक्सिजन, हाताला सुई. एक्स-रेत न्यूमोनिया. पाच दिवस राहिलो. "रात्रीच आणलंत ते बरं केलंत," असं डॉक्टर सुनेकडे बघून म्हणाले. माझ्याकडे बघून कुणीच काही म्हणालं नाही.

आता जरा मागचं सांगते, म्हणजे माझी चूक किती पक्की होती ते कळेल. आठ महिन्यांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, याच गुंड्याला 103 ताप आला होता. तेव्हा मी अख्खं घर डोक्यावर घेतलं. रात्री अकराला आम्ही चार माणसं आणि एक थर्मास घेऊन डॉक्टरांच्या दारात. तोवर औषधानं ताप जरा उतरलेला, आणि हा पठ्ठ्या टेबलावर बसून स्टेथोस्कोप ओढतोय, कंपाउंडरच्या हातातलं बिस्किट मागतोय. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. व्हायरल आहे म्हणाले, पॅरासिटॅमॉल किती द्यायचं ते लिहून दिलं, आणि एका कोऱ्या कागदावर पेनानं पाच-सहा ओळी लिहिल्या. यातलं काही दिसलं तर वेळ न बघता या, बाकी घरीच सांभाळा.

तो कागद सूनबाईनं फ्रिजवर चिकटवला. आठ महिने रोज सकाळी दूध काढताना तो माझ्या नाकासमोर होता. पहिलीच ओळ होती: श्वास मोजा, एक वर्षानंतर मिनिटाला 40 किंवा जास्त म्हणजे जोरात. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पाढे शिकवले आणि घरच्या पोराच्या वेळी मला चाळीसपर्यंत मोजायचं सुचलं नाही.

नंतर वाचलं की गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या सुइणींनासुद्धा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यांतल्या बऱ्याच जणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून मण्यांचं एक साधं यंत्र केलं. शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, मिनिटाच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की धोका. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला ते जमलं.

आकडेही सांगून टाकते, कारण ते वयाप्रमाणे बदलतात. दोन महिन्यांच्या आत 60, दोन महिने ते एक वर्ष 50, एक ते पाच वर्षं 40. मूल शांत असताना किंवा झोपेत, पूर्ण एक मिनिट मोजायचं. रडताना मोजून उपयोग नाही. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणंही नको, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. आणि कपड्यावरून कळत नाही हो. आम्ही वरून अजून एक स्वेटर घालतो आणि मग लांबून बघून म्हणतो, शांत झोपलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण थर्मामीटरला भितो आणि मुलाकडे बघत नाही. 103 ला धावत सुटलो, 99.8 ला आडवे पडलो. ताप किती यापेक्षा ताप उतरल्यावर मूल कसं आहे ते बघायचं. उतरल्यावर खेळायला लागलं, पाणी प्यायलं, डबा-चमचा आपटायला लागलं तर रात्र काढता येते. ताप उतरूनही ते मान टाकून पडलं असेल, हाक मारली तरी धड बघत नसेल, तर आकडा काय वाटेल तो असो, निघायचं. अपवाद एक, तीन महिन्यांच्या आतलं बाळ. त्याला 100.4 दिसला की घरचं काही करत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

आता "दात येतायत" या वाक्याबद्दल. हे वाक्य आम्ही सासवांनी फार वापरलंय. सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत मुलाला कुठला ना कुठला दात येतच असतो, त्यामुळे ते कधीच खोटं ठरत नाही! ताप आला, दात. जुलाब झाले, दात. दातांनी लाळ गळते, मूल चावतं, किरकिरतं, अंग थोडं कोमट लागतं. दातांनी खरा ताप येत नाही आणि पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. ते होतात तोंडात घातलेल्या चपलेनं, खेळण्यानं, न धुतलेल्या हातानं.

जुलाब-उलट्यांत मोजायची ती शू. सहा-आठ तास लंगोट कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ सुकलेली, डोळे खोल गेलेले, असं दिसलं की थांबू नका. सगळंच उलटून पडत असेल, आव अन् रक्त पडत असेल तरीही थांबू नका. तोवर ओआरएस, एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अर्धं पाकीट अंदाजे पेल्यात टाकायचं नाही, मिठाचं प्रमाण बिघडतं. आणि ते रंगीत गोड खोकेही नकोत. ज्यांचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचं नाही त्या पेयांवर ओआरएस लिहायला 2025 च्या ऑक्टोबरात बंदी आली, त्यासाठी हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं भांडल्या. आशाताईंकडे पाकीट फुकट मिळतं, त्याची मात्र आम्हाला लाज वाटते.

औषधांचं एक गणित बाईंच्या सवयीनं सांगते. पॅरासिटॅमॉल वजनावर असतं, किलोमागे एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या पोराला 150 धरा. घरात 5 मिलीत 125 असलेली बाटली असेल तर होतात 6 मिली. 5 मिलीत 250 असलेली असेल तर 3 मिली. आणि थेंबांची बारकी बाटली, 1 मिलीत 100 वाली, तिच्यातले फक्त दीड मिली. औषध तेच, मूल तेच, माप तीन. मागच्या वेळी सहा दिलं होतं म्हणून थेंबांच्या बाटलीतलं सहा दिलं तर चौपट जातं. म्हणून "आमच्या पोराला अमुक चमचे दिलं, लगेच उतरला" हे शेजारणीचं ऐकायचं नाही. आपल्या डॉक्टरांकडून बाटलीच्या नावासकट मिलीत लिहून घ्यायचं.

खोकल्याच्या बाटलीविषयी तर बोलायलाच नको. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची वीसहून जास्त मुलं विषारी खोकल्याच्या औषधानं किडन्या निकामी होऊन गेली. डायएथिलीन ग्लायकॉल निघालं त्यात. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आत ही सर्दी-खोकल्याची औषधं नकोत, पाच वर्षांच्या आतही सहसा नकोत. साध्या सर्दीला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर पातळ पदार्थ आणि सात-दहा दिवस धीर. पहिल्याच शिंकेला दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणणारेही आपणच. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ सर्द्या होतातच. प्रत्येक वेळी पळालात तर वेटिंगमधल्या गर्दीतून दोन नव्या घेऊन याल.

पावसाळ्यात मात्र एक गोष्ट उलटी. डेंग्यूत ताप उतरला की सगळे हुश्श करतात, आणि धोका बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला पण पोट दुखतंय, सारख्या उलट्या, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त, मूल पेंगतंय, तर ताप नाही म्हणून घरी बसू नका. आणि तापाला आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड असलं काही मनानं देऊ नका.

झटक्यांचं बघितलेलं सांगते. आमच्या आळीत एका मुलीला तापात आकडी आली. कुणी कांदा फोडतंय, कुणी चप्पल हुंगवतंय, एकानं तर दातांत चमचा घालायला घेतला. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना ताप चढताना अशी आकडी येते, बहुतेकदा ती दोन-तीन मिनिटांत थांबते आणि पुढे काही राहत नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर 108. थांबली तरी पहिल्यांदाच असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

एवढं सगळं लिहिलं खरं, पण त्या रात्री कमी पडली ती माहिती नव्हती. माहिती फ्रिजवर होती. घरात मुलाला डॉक्टरकडे न्यायचं का, हे ठरवतं कोण? दिवसभर मुलाला अंगाखांद्यावर घेऊन असते ती आई. आज त्याचं रडणं वेगळं आहे हे तिला कळतं. आणि तिला ते आधी सासूला पटवावं लागतं, मग नवऱ्याला, मग सासऱ्यांना, ते म्हणतात सकाळी बघू. "हल्लीच्या मुली फार घाबरट" हे वाक्य मी स्वतः भिशीत उच्चारलेलं आहे, हशाही मिळवलाय. आमच्या सूनबाईंची नोकरी आहे, स्वभाव ठाम आहे, म्हणून ती निघाली. जिच्या हातात पैसे नाहीत, गाडी नाही, ती काय करते? सकाळची वाट बघते.

मलाही हीच शिकवण होती. माझ्या धाकट्याला लहानपणी असाच दम लागला होता, तेव्हा माझ्या सासूबाईंनी छातीला वेखंड चोळलं, मीठमोहरीनं दृष्ट काढली. दृष्ट काढायला माझी आजही हरकत नाही, दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात गाडी बाहेर काढून होते. तो वाचला, आणि तीस वर्षं मी त्याला वेखंडाचा गुण समजत राहिले.

डॉक्टर हसतील ही भीती तर सोडूनच द्या. मी घरी आल्यावर सुनेला म्हणाले, "मी चुकले." ती म्हणाली, "आई, मलाही वाटत होतं की उगाच निघालो असलो तर?" म्हणजे तिच्याही मनात तेच होतं. उगाच गेलो तर फार तर एक रात्र आणि तपासणीची फी जाते. डॉक्टरांनी घरी पाठवलं आणि पहाटे पुन्हा बिघडलं तरी पुन्हा जायचं, "आत्ताच तर दाखवलं" म्हणून थांबायचं नाही.

फ्रिजवरचा कागद गुंड्यानं मागच्या महिन्यात ओढून फाडला, अर्धा चावलाही. मी नवीन लिहून वर, त्याच्या हाताला लागणार नाही असा लावलाय, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात.

काल पुन्हा त्याचं नाक वाहायला लागलं. सूनबाई ऑफिसात होती. दुपारी तो झोपल्यावर मी हळूच बंडी वर केली आणि घड्याळ धरून बसले. अठ्ठावीस. तिला फोन करून सांगितलं, "अठ्ठावीस आहे." ती म्हणाली, "बरं." उठल्यावर त्यानं वरणभात मागितला, आणि अर्धा माझ्या पदराला पुसला.