बिल फडकवू नका, वीज शुल्काच्या सोळा टक्क्यांचं विचारा

सकाळपासून तीन ग्रुपवर एकच रील आलंय. एक आमदार विधान भवनाच्या पायऱ्यांवर उभे, हातात वीजबिल, मागे घोषणा, वरून ढोल-ताशा लावलेला. खाली आपलीच मंडळी हात जोडून "असा आमदार हवा" म्हणतायत. कोणत्या पक्षाचे ते मी सांगत नाही, कारण विरोधात बसलं की सगळेच हे करतात. बाकं बदलतात, पायऱ्या त्याच.

अहो, पायऱ्यांवर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला मंत्री बांधील नसतो. सभागृहात लेखी विचारलेल्याला असतो. आणि तिथे काय विचारतात? "वीजबिलांत भरमसाट वाढ झाली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?" हा ठरलेला साचा. उत्तरालाही साचाच असतो: अंशतः खरे आहे, विजेचे दर नियामक आयोग ठरवतो, सबब प्रश्न उद्भवत नाही. झालं. पुढचा प्रश्न.

चीड याची येते की ते उत्तर खोटं नसतं. विद्युत कायदा २००३ प्रमाणे दर ठरवायचं काम राज्याच्या वीज नियामक आयोगाचंच. वीज कंपनी, म्हणजे महावितरण, याचिका करते, हरकती मागवतात, जनसुनावण्या होतात, आदेश निघतो. २८ मार्च २०२५ ला असाच आदेश आला, दरकपातीच्या बातम्या झळकल्या, लगेच महावितरणच्या अर्जावर त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला सुधारित आदेश येऊन १ जुलैपासून ते दर लागू झाले. या सुनावण्यांना आपल्या पुण्यातून प्रयास ऊर्जा गट, सजग नागरिक मंच या संस्था वर्षानुवर्षं आकडे घेऊन उभे राहतात. एखादे आमदार तिथे दिसले तर फोटो काढून ठेवा, दुर्मीळ आहे.

मग आमदाराने विचारायचं काय? आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचं मे महिन्याचं बिल घ्या. ३४० युनिट. काकूंचा ठाम समज, की तीनशेच्या वर गेलं म्हणून अख्खं बिल वरच्या दराने लागलं. तसं होत नाही. पहिले १०० युनिट पहिल्या दराने, पुढचे २०० दुसऱ्या, फक्त वरचे ४० तिसऱ्या दराने. (रीडिंग चुकून दोन महिन्यांचं एकदम आलं असेल तर मात्र नीट बघा. स्लॅबही दुप्पट धरायला हवेत, म्हणजे पहिल्या दराने २०० युनिट. ते झालं नसेल तर लेखी तक्रार करा आणि पोहोच घ्या.)

आता काकूंच्या बिलातल्या ओळी. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचा), आणि वीजखरेदी अंदाजापेक्षा महाग पडली की इंधन समायोजन आकार. इथवर आयोगाचं आणि कंपनीचं राज्य, मंत्री हात वर करू शकतो. त्याच्या खालची ओळ मात्र बोट ठेवून वाचा: वीज शुल्क, १६ टक्के. हे कंपनीचं नाही, आयोगाचंही नाही. हा राज्य सरकारचा कर आहे. वरच्या सगळ्या आकारांची बेरीज करायची आणि तिच्यावर सोळा टक्के. म्हणजे इंधन समायोजन १०० रुपयांनी वाढलं की काकूंना ११६ रुपये पडतात, आणि वरचे सोळा जातात सरकारच्या खात्यात. वीज महागली की सरकारची कमाई आपोआप वाढते, बोट न हलवता.

आणि हे शुल्क ज्या कायद्याने लागतं तो महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम २०१६ कुणी केला? याच विधिमंडळाने! पायऱ्यांवर फडकवलेल्या बिलातली एक ओळ आतल्या लोकांनीच लिहिलीय आणि तिच्याबद्दल एक चकार शब्द नाही. रीलमध्येही नाही. मी दोनदा बघितलं. "सरकार लुटतंय" आहे, "शेम शेम" आहे, सोळा टक्के नाहीत.

दुसरी बाजू सवलतीची. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे. शेतकऱ्याला द्यावी, यावर आपल्यात वाद नाही. पण त्याच २००३ च्या कायद्याचं कलम ६५ सांगतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम सरकारने आगाऊ भरायची. नाही भरली तर सवलतीचा आदेश लागू होत नाही, आयोगाचा दर लागतो. आता सरकारने पैसे उशिरा दिले तर काय होतं? कंपनी वीजखरेदीची देणी भागवायला कर्ज काढते, व्याज चढतं, आणि ते खर्च म्हणून आयोगापुढे मांडलं जातं. आयोग त्यातलं किती मान्य करतो हा वेगळा विषय, पण जे मान्य होतं ते दरात येतं. म्हणजे फिरून काकूंच्याच ३४० युनिटांवर. वर बरेच शेतीपंप बिनमीटरचे, बिल अश्वशक्तीवर. त्यांचा वापर अंदाजाने धरतात. अंदाज फुगवला की गळती आणि चोरी कागदावर कमी दिसते आणि सवलतीचा आकडा मोठा दिसतो. इथे प्रश्न विचारायला केवढी जागा आहे!

खर्चाचंही तेच. अधिवेशनाच्या सुरुवातीला पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात न धरलेल्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात. जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटींच्या आल्या, पुढच्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या. अर्थसंकल्प मांडून झाल्यावर एवढ्या लवकर एवढं काय आठवतं? त्या पुस्तिकेत ऊर्जा विभागाचं पान उघडून "ही रक्कम अर्थसंकल्पातच का धरली नव्हती" एवढं विचारलं तरी पुरे. महाकोश या सरकारी संकेतस्थळावरच्या बीम्स प्रणालीवर तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे घरबसल्या दिसतं. आमदारांच्या पीएला अर्धा तास लागेल. तो रील एडिट करतोय बहुतेक.

बरं, थोडं सबुरीने घेतो. सगळे तसे नसतात. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो, यादीत वर यावा लागतो, आणि तासाभरात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. गोंधळात तहकुबी झाली की तेही गेले, लेखी उत्तर पटलावर. मेहनत करून दिलेला प्रश्न असा वाया गेला की कुणालाही वाटेल, चला पायऱ्यांवर. हेही मान्य, की स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत मिळू लागली. दिवसभर घरी असणाऱ्या काकूंना तिचा फायदा होईल, मिक्सर-वॉशिंग मशीन दुपारी लावलं तर. चांगलंय. सोळा टक्के मात्र जागेवरच.

पुण्यात तर आमदारांची जबाबदारी दुप्पट होती. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकच सगळं. खडकवासल्याचं पाणी पर्वतीला आणून टाक्यांवर चढवायचं तर पंप चालतात, पथदिवे रात्रभर जळतात, ते बिल आपल्या मिळकतकरातून जातं. शहरात विधानसभेच्या आठ जागा. आठांपैकी कुणी पंपांच्या विजेचा हिशेब मागितल्याचं रील कुणाकडे असेल तर पाठवा, मी स्वतः फॉरवर्ड करतो.

तोवर एक करा. खालचा मजकूर उचला आणि आपापल्या आमदारांच्या कार्यालयात द्या. "खरे आहे काय" मुद्दाम वगळलंय, आकडाच मागितलाय, म्हणजे "अंशतः"ला जागा राहत नाही.

"गेल्या तीन आर्थिक वर्षांत घरगुती ग्राहकांकडून वीज शुल्कापोटी वर्षनिहाय किती रक्कम जमा झाली, त्याच वर्षांत सवलतीपोटी शासनाकडून महावितरणला किती रक्कम देय होती, त्यापैकी किती कोणत्या तारखेस दिली, किती रोख व किती वीज शुल्कातून समायोजित केली, आजची थकबाकी किती, आणि विलंबामुळे कंपनीस पडलेल्या व्याजापैकी किती रक्कम दरात समाविष्ट झाली?"

कागद दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या. "साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप करा ना" म्हणतील, तिथून हलू नका.