रातांबा धोक्यात आणि चिप्पी सुरक्षित?

आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना. तिच्या लाल यादीत आपला रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, ‘व्हल्नरेबल’ आहे, म्हणजे धोक्यात. खाडीतलं कांदळवनाचं झाड पांढरी चिप्पी ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे तूर्त चिंता नाही. दोघांचं नातंगोतं काही नाही. पण यादी वाचून रातांब्यासाठी हळहळायचं आणि चिप्पीकडे पाठ फिरवायची, हे मला साफ नामंजूर आहे.

रातांब्याला वाचवणं परड्यातूनही होतं. यात नर-मादी झाडं वेगळी. बी लावलं तर निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला फुलोरा येईपर्यंत सात-आठ वर्षं जातात. मग माणूस कंटाळून कोयता घालतो. म्हणून मृदकाष्ठ कलम करा, म्हणजे कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडा. काडी मादी झाडाच्या सरळ वर गेलेल्या फांदीचीच हवी, 10-12 सेंमी लांब. आडव्या फांदीची काडीही जगते, पण झाड वर चढत नाही, नुसतं पसरतं. दहा माद्यांमागे एक नर राखायचाच, नाहीतर फळधारणा कशी होणार?

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही रातांब्याची जात पावसाआधी तयार होते. उशिरा पिकणारे रातांबे पावसात सापडले की कुजतात, सालं वाळत नाहीत, त्यामुळे हा गुण मोलाचा. तरीही गावभर तीच एक जात लावू नका. कलमं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. डोंगरातल्या जुन्या भिरंडीच्या, म्हणजे रातांब्याच्याच, काड्याही घ्या, आणि थोडी रोपं बियांची वाढू द्या.

चिप्पीचं दुखणं वेगळं. 2020 साली तिला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला, तोडीला कायद्याने बंदी आहेच. पण ही कोयता न लावताही मरते. ओहोटीला बुंध्याभोवती बघा, चिखलातून वर आलेली टोकदार मुळं दिसतील. झाड श्वास घेतं ते त्यांतून. त्यांवर मातीचा भराव पडला किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, की उभं झाड हळूहळू वाळतं. आणि जगभर चिप्पी भरपूर आहे म्हणून आपल्या खाडीतली मेली तर चालेल, असा त्या यादीचा अर्थ मुळीच नाही.

लागवड करणारे बरेचदा कांदळ या दुसऱ्या खाडीझाडाच्या शेंगा चिखलात खोचतात, कारण ते सोपं. चिप्पीची जागा पुढची, समुद्राकडची; तिथे चिप्पीच हवी. पिकलेलं फळ पाण्यात ठेवून गर कुजू द्या, बारीक बिया धुऊन घ्या आणि भरतीचं पाणी पोचेल अशा वाफ्यात पेरा. पण भराव असेल तर आधी तो काढून पाण्याची वाट मोकळी करा, रोपांचं त्यानंतर बघू.