टिंब राहिलं

"मेल येत नाहीयेत."
"कुणाचे?"
"कुणाचेच."
"मग हा आत्ता आला तो?"
"तो आला. बाकीचे नाही."

एवढ्या भांडवलावर निदान करायचं असतं. ऑफिसात कुणीतरी एकदा मला काळ्या पडद्यावर कमांड टाइप करताना पाहिलं, तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे. परत गेलेल्या मेलचा मजकूर मागवला की स्क्रीनशॉट येतो. त्यात मेलर-डीमनची (मेल परत आल्याचं कळवणाऱ्या प्रोग्रॅमची) दिलगिरी अखंड असते आणि जी एक ओळ हवी असते नेमकी तीच कापलेली असते. त्या ओळीत आकडा असतो. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे नाही म्हणजे नाही. चारने सुरू होणारा म्हणजे "आत्ता नाही, नंतर बघू". मग पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून साधारण चार-पाच दिवस दार ठोठावत राहतो. मला पाचवाले परवडतात. निदान आशा तरी लावत नाहीत.

पाठवणाऱ्यांचं म्हणणं, "आमच्याकडून गेलाय." होस्टिंगवाल्यांचं म्हणणं, "आमच्याकडे सगळं ओके आहे, ब्राउझरचा कॅशे क्लिअर करून बघा." मेल सर्व्हरचा ब्राउझर कुठे असतो, हे विचारायच्या आत तिकीट बंद.

शेवटी 'डिग' ही डोमेनच्या नोंदी विचारणारी कमांड चालवून एमएक्स रेकॉर्ड मागवला. एमएक्स म्हणजे या डोमेनची डाक कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी नोंद. उत्तर आलं: मेल.अमुक.कॉम.अमुक.कॉम. आडनाव दोनदा! झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी ज्यात लिहितात त्या फाइलमध्ये, पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं; नाही दिलं तर नाव अर्धवट आहे असं समजून सर्व्हर मागे डोमेन चिकटवतो. होस्टिंगवाल्यांच्या कुण्या सद्गृहस्थाने आदल्या दिवशी फाइल 'नीटनेटकी' केली होती. त्यात ते टिंब गेलं.

टिंब परत बसवून घेतलं. झालं? छे! जुन्या नोंदीवर टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, होता ८६४००: सेकंदांत मोजलेले चोवीस तास. ज्या रिझॉल्व्हरने (आपल्या वतीने नोंदी विचारून उत्तर साठवणाऱ्या सर्व्हरने) चुकीचं उत्तर एकदा ऐकलं, तो मुदत संपेपर्यंत तेच सांगत राहणार. काहींचे मेल आदल्या दिवशी येत होते तेही याचमुळे: त्यांच्या रिझॉल्व्हरकडे तेव्हा अजून शिळं पण बरोबर उत्तर होतं. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे या नावं-नोंदींची सगळी व्यवस्था, मांडलं, त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. तेव्हा चूक निदान सगळीकडे सारखी असणार.

मूळ नेमसर्व्हरला, म्हणजे ती फाइल जिथे असते त्याला, विचारलं की बरोबर उत्तर. ऑफिसच्या रिझॉल्व्हरला विचारलं की चूक, आणि शेजारी उरलेले सेकंद: ४१२१२. पुन्हा विचारलं, ४१२०७. साहेब मागे येऊन उभे राहिले. "रिफ्रेश करून बघ ना." केलं. ४११९८. "कमी होतंय की!" म्हणत ते समाधानाने गेले. मीटिंगमध्ये त्यांनी काम प्रगतिपथावर असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुंबलेले मेल धाडधाड कोसळले. प्रत्येक डोमेनला 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता असावा असा मेलचा नियमच आहे, अडचण कळवायची सोय म्हणून. आमच्या त्या पेटीत एका सज्जनाचे तीन मेल होते. पहिला: "तुमच्या डोमेनला मेल पोचत नाहीत, कृपया लक्ष घालावे." दुसरा: "आधीच्या मेलचं उत्तर आलं नाही." तिसऱ्यात सीसीला साहेब होते.