कीटनला आवाजाने नाही, करारनाम्याने बुडवलं

घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर कोसळते आणि मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन नेमका खिडकीच्या मोकळ्या चौकटीत उभा राहून वाचतो, ती क्लिप तुम्हालाही आली असेल. खाली मजकूर असा: बोलपट आले, आवाज चालला नाही, कीटन संपला. पडद्याबाहेरही तो कधी हसला नाही. शेवटी कंगाल होऊन, कुणाच्या खिजगणतीत नसताना मेला.

क्लिप खरी आहे, १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मधली. भिंतही खरी होती. मजकुराचं मात्र तसं नाही.

आधी आवाज. हा पोरगा शाळेत जायच्या वयात आईवडिलांबरोबर व्हॉडविलच्या, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या कार्यक्रमांच्या, स्टेजवर होता, तेव्हा बोलण्याची धास्ती त्याला कुठली? आवाज जाडाभरडा होता, पण त्या चेहऱ्याला शोभणारा. उलट १९२९ चा ‘स्पाइट मॅरेज’ बोलपट करू द्या म्हणून तोच एमजीएम या हॉलिवुडच्या बड्या चित्रपट कंपनीच्या मागे लागला होता. नाही म्हणाली ती कंपनी. पुढच्या वर्षी ‘फ्री अँड इझी’त तो बोलला, आणि लोकांनी तिकिटं काढली. एमजीएमने त्याच्याकडून स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आवृत्त्यांतही संवाद म्हणवून घेतले. आवाज न चालणाऱ्या नटावर कुठली कंपनी एवढा खर्च करते?

घात आधीच झाला होता, १९२८ साली. तोवर त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, निर्माता जोसेफ शेंक. हा शेंक त्याचा साडू, आणि शेंकचा भाऊ एमजीएमच्या वरच्या खुर्चीत. साडूच्या सांगण्यावरून कीटनने एमजीएमशी करार केला. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड हे मूकपटांतले दुसरे विनोदवीर ‘जाऊ नकोस’ म्हणत होते. जुन्या स्टुडिओत कामाची तऱ्हाच वेगळी: सुरुवात ठरवायची, शेवट ठरवायचा, मधलं सेटवर सुचेल तसं. अडलं की सगळे बेसबॉल खेळायला बाहेर. एमजीएममध्ये आधी पटकथा, मग तिच्यावर सतरा जणांची मंजुरी. ‘द कॅमेरामन’ तरी त्याने भांडून बराचसा आपल्या पद्धतीने केला. पुढे भांडणंही संपली, दारू वाढली, १९३२ ला घटस्फोट झाला आणि १९३३ ला एमजीएमने काढून टाकलं. पडत्या काळात त्याचे बोलपट चालत होते, ही यातली खरी गंमत. पाहवत नाहीत ते, पण चालत होते.

हसण्याबद्दल फार बोलायला नको. आपण हसलो तर लोक कमी हसतात, हे पोरवयातच स्टेजवर शिकलेला धडा. १९१७ चा ‘कोनी आयलंड’ बघा, दात दाखवून हसतोय.

राहिलं कंगालपण. वाईट वर्षं होतीच, पण नंतर तो त्याच एमजीएममध्ये दुसऱ्यांसाठी विनोदाच्या जागा रचून देत होता. १९४९ च्या एका चित्रपटासाठी व्हायोलिनचा चुराडा होईल असं पडणं त्याने बसवून दिलं; तसं पडणं दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून ती भूमिका त्यालाच दिली. पॅरिसची सर्कस झाली, टीव्ही झाला. त्याच्या आयुष्यावरच्या १९५७ च्या चित्रपटाचे हक्क विकून त्याने लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्समध्ये घर घेतलं, अंगणात कोंबड्या पाळल्या. १९६० ला मानद ऑस्कर मिळालं, १९६५ ला व्हेनिसच्या महोत्सवात लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. १ फेब्रुवारी १९६६ ला तो कॅन्सरने गेला, त्याच कोंबड्यांच्या घरात, बायको एलिनॉर जवळ असताना.