झारा लिआंडर : 'नाझींची गायिका' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्वीडिश गायिका-अभिनेत्री झारा लिआंडरवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'हिटलरच्या प्रचारपटांत गाऊन पैसा केला त्या बाईच्या आवाजाचं कसलं कौतुक? ती नाझी पक्षाचीच होती, तिची गाणी ऐकूच नयेत,' असं तुम्ही म्हणता. यातलं निम्मं मला मान्य आहे.

माझं चुकलं ते आधी सांगते. 'मी कलावंत, मला राजकारणातलं काही कळत नाही,' हे युद्धानंतरचं तिचं पालुपद मी लेखात नोंदवलं आणि पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं. ज्यूंच्या छळावरचं, स्वीडिश गीतकार-रंगकर्मी कार्ल गेरहार्डचं 'बुटाच्या सावलीत' हे गाणं झाराने युद्धाआधीच रेकॉर्ड केलं होतं. ते शब्द जिने गायले, तिला बर्लिनमध्ये काय चाललंय हे कळत नव्हतं? मला नाही पटत. १९३६ साली व्हिएन्नाच्या रंगभूमीवर नाव झालं आणि तिने उफा या जर्मन चित्रसंस्थेशी करार केला. मानधनाचा मोठा हिस्सा स्वीडिश क्रोनरमध्ये घेण्याइतका व्यवहार तिला नक्की कळत होता. तिकडे गेरहार्डने १९४० मध्ये स्टॉकहोमच्या रंगमंचावर नाझींना टोमणा मारणारं ट्रॉयच्या घोड्याचं गाणं म्हटलं, जर्मन दूतावासाने तक्रार केली आणि तटस्थ स्वीडनने त्या गाण्यावर बंदी घातली. म्हणजे दुसरी वाट होती. महाग होती, पण होती.

मात्र ती पक्षाची सभासद नव्हती आणि जर्मन नागरिकत्वही तिने घेतलं नाही. दोष द्यायचा तर जे केलं त्याचा द्यावा.

आता 'ऐकूच नयेत'बद्दल. १९४२ चा तिचा 'डी ग्रोसे लीबे' हा चित्रपट सुमारे २ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला. वैमानिकाची वाट पाहणारी गायिका, आणि तिच्या तोंडी 'मला ठाऊक आहे, एक दिवस चमत्कार घडेल' हे गाणं. सरकारला त्यातून लोकांचा धीर टिकवायचा होता, हे उघड आहे. पण ते शब्द ब्रुनो बाल्ट्सचे. तो समलिंगी होता, आणि १९४१ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला पकडून त्याचा छळ केला होता. त्याला कोणता चमत्कार हवा असेल? झाराचा तो खर्जातला, पुरुषी वाटावा इतका खोल आवाज चढत जातो तेव्हा मला दर वेळी बाल्ट्सच आठवतो. हे गाणं फक्त गोबेल्सच्या नावावर लिहून टाकायला माझं मन तयार नाही.

१९४३ मध्ये बर्लिनमधलं घर बॉम्बहल्ल्यात गेलं, ती स्वीडनला परतली. मायदेशाने तिला बराच काळ दूर ठेवलं, ती रंगमंचावर परतली १९४९ मध्ये. 'बिचारी' हा शब्द मी तिथे वापरला होता. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत ते बरोबरच आहे. युद्धाच्या काळात सीमेवरच्या स्वीडिश जवानांसाठी 'माझा सैनिक' गाणारी उल्ला बिलक्विस्ट १९४६ मध्ये, चाळिशीही न गाठता गेली. हळहळायचं तर मी तिच्यासाठी हळहळेन.

'बिचारी' आज काढून टाकलं, गेरहार्डचा परिच्छेद जोडला. बाल्ट्सचं गाणं लेखात आहे तिथेच राहील.